कुटुंबकल्याण शस्त्रक्रियेनंतर गर्भ राहिल्यास जबाबदारी कोणाची?

शास्त्रीकाठ :

आमच्या वाडीतील एका कुटुंबाच्या वतीने हा प्रश्न मांडत आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. संगमेश्वर तालुक्यातील ही गृहिणी तिशीतली असून तिला दोन मुले आहेत. दोन वर्षांहून अधिक काळापूर्वी, दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांतच, जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयात तिची कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया झाली. नवरा मुंबईला नोकरीत आहे आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरताच घरी येतो. यंदा गणपतीनंतर तिची पाळी चुकली, परंतु ऑपरेशन झालेले असल्यामुळे तिला स्वतःला किंवा घरात कोणालाही शंका आली नाही. अशक्तपणा असेल म्हणून दुर्लक्ष झाले. आता दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आहेत.

रुग्णालयात विचारायला गेलेल्या तिच्या दिरांना "फॉर्मवर तिची सही आहे, त्यात सर्व लिहिलेले आहे" एवढेच उत्तर मिळाले. गावात काहीजण म्हणतात की डॉक्टरांवर दावा लावा, पाच-दहा लाख कुठे गेले नाहीत. इतरांचे म्हणणे असे की सरकारी दवाखान्याविरुद्ध काहीच होत नाही, उगाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. मला दोन्ही मते ऐकीव वाटतात. शस्त्रक्रिया होऊनही गर्भ राहिला, एवढ्यावरून डॉक्टरांचा निष्काळजीपणा सिद्ध होतो का, आणि होत नसेल तर या कुटुंबाच्या हाती काय उरते, हे जाणकारांनी सांगावे.

वाशिष्ठी :

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. कायद्याचे जाणकार पुढे लिहितीलच, परंतु त्याआधी एक गोष्ट तातडीने करावी. तिला शक्य तितक्या लवकर, जमल्यास उद्याच, सोनोग्राफीसाठी न्या. गर्भनलिका बांधल्यानंतर जे थोडे गर्भ राहतात, त्यांतील बराच मोठा हिस्सा गर्भाशयात न रुजता नलिकेतच रुजतो. अमेरिकेत १०,६८५ स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा गर्भधारणांपैकी सुमारे एक तृतीयांश गर्भाशयाबाहेरच्या होत्या. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव धोक्यात येतो. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडेसे डाग जाणे, चक्कर येणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे यांपैकी काहीही झाले तर ते पित्त किंवा वात समजून घरी थांबू नका. डोंगरातल्या वाडीतून रात्री गाडी मिळवून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ जातो, हे आपल्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता शस्त्रक्रिया का फसते, याविषयी. निदान तीन निरनिराळी कारणे आहेत आणि जबाबदारीचा प्रश्न त्यांपैकी कोणते कारण लागू पडते यावरच ठरतो.

पहिले कारण शरीराचे आहे. नलिकेचा तुकडा काढून दोन्ही टोके व्यवस्थित बांधली तरी काही स्त्रियांमध्ये ती टोके कालांतराने आपोआप जुळतात किंवा त्यांत बारीकसा मार्ग तयार होतो. शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी हे पूर्णपणे टाळता येत नाही. पहिल्या वर्षात हजारी पाचच्या आसपास अपयश धरले जाते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासात सर्व पद्धती मिळून दहा वर्षांत हजारी साडेअठरा स्त्रियांना गर्भ राहिला होता. म्हणजे धोका पहिल्या वर्षानंतर संपत नाही.

दुसरे कारण तंत्राचे आहे. एकच नलिका बांधली जाणे, नलिकेऐवजी तिच्या शेजारचा गोल अस्थिबंध पकडला जाणे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत नलिकेवर चढवायची रिंग अर्धवट बसणे असे प्रकार घडतात. नलिकेच्या टोकाची झालर पाहून ती नलिकाच असल्याची खात्री करावी, हे आम्हाला शिकताना पुन्हापुन्हा बजावलेले असते. ती खात्री केली नसेल तर त्याला शरीराचा दोष म्हणता येणार नाही.

तिसरे कारण वेळेचे आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशीच स्त्री गर्भवती असते आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणूनच बाळंतपणाशी संबंध नसलेली शस्त्रक्रिया पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत करतात आणि आधी लघवीची तपासणी करतात. आपण सांगितलेल्या प्रसंगात शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर लगेच झाली आणि मध्ये दोन वर्षे गेली, त्यामुळे हे तिसरे कारण येथे संभवत नाही.

गडनदी :

दोन नलिका बांधायच्या होत्या, मूल राहिले, म्हणजे काम नीट झाले नाही हे उघड आहे. एवढी चर्चा कशाला? थेट पोलिसांत तक्रार द्यावी, म्हणजे कागद आपोआप बाहेर येतील.

कातळसडा :

मी रत्नागिरीत दिवाणी वकिली करतो. गडनदी यांचा संताप समजतो, परंतु पोलिसांचा मार्ग येथे चुकीचा आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या ५ ऑगस्ट २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईसाठी साधा नव्हे तर घोर निष्काळजीपणा दिसला पाहिजे आणि त्याला दुसऱ्या डॉक्टरांच्या स्वतंत्र मताचा आधार असला पाहिजे, असे सांगितले आहे. गर्भ राहणे हा प्रसंग त्या चौकटीत बसणे जवळजवळ अशक्य आहे. तक्रारीचा परिणाम एवढाच होतो की ज्या कर्मचाऱ्यांकडून कागद मिळायचे, ते बोलेनासे होतात.

मूळ प्रश्नाकडे येतो. त्याच महिन्यात, २५ ऑगस्ट २००५ रोजी, पंजाब राज्य विरुद्ध शिवराम या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याच विषयावर निकाल दिला आणि आजही खालची न्यायालये तोच पाळतात. शस्त्रक्रियेनंतर स्त्रीला गर्भ राहिला आणि मूल झाले, एवढ्याच कारणावरून शल्यविशारद किंवा त्याला नेमणारे सरकार नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरत नाही, कारण दाव्याचा हक्क निष्काळजीपणातून निर्माण होतो, मुलाच्या जन्मातून नव्हे, असे त्या पीठाने ठरवले. नलिका निसर्गतः जुळल्या असतील तर दावा टिकत नाही. शस्त्रक्रिया करताना वाजवी कौशल्य आणि काळजी वापरली गेली नाही, किंवा डॉक्टरांनी शंभर टक्के यशाची हमी दिली होती, हे दावा लावणाऱ्याने पुराव्याने दाखवावे लागते. हमीची गोष्ट सिद्ध करणे तर फारच अवघड, कारण "आता मूल होणार नाही" हे नेहमीचे आश्वासक वाक्य न्यायालये कराराची हमी मानत नाहीत.

याच्या पाच वर्षे आधीचा हरियाणा राज्य विरुद्ध संत्रा हा २००० सालचा निकाल मात्र उलट दिशेचा वाटतो, आणि गावात जी "दावा लावा, पैसे मिळतील" ही समजूत पसरलेली आहे तिचे मूळ बहुधा तिथेच असावे. संत्रा ही मोलमजुरी करणारी, सात मुलांची आई. गुडगावच्या सरकारी रुग्णालयात १९८८ साली तिची शस्त्रक्रिया झाली, आता मूल होणार नाही असे तिला सांगितले गेले आणि पुढे तिला मुलगी झाली. पुराव्यात असे निघाले की फक्त उजव्या नलिकेवर शस्त्रक्रिया झाली होती, डाव्या नलिकेला हातही लावलेला नव्हता. न्यायालयाने सरकारला ५४,००० रुपये व व्याज द्यायला लावले. नोकराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी मालक म्हणून सरकारवर येते, सार्वभौमत्वाची ढाल, म्हणजे सरकारवर दावाच लागत नाही हा बचाव, येथे चालत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे विरोध उरत नाही. संत्राला पैसे मिळाले ते मूल झाले म्हणून नव्हे, तर एक नलिका तशीच सोडली गेली होती हे सिद्ध झाले म्हणून.

आपल्या राज्यातील एक जुना खटला अशा वेळी मला नेहमी आठवतो, तो अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या पोटात कापड राहिले आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९९६ साली आला. पोटात राहिलेले कापड स्वतःच निष्काळजीपणाची साक्ष देते, तिथे आणखी काही सिद्ध करावे लागले नाही. गर्भ राहण्याच्या प्रकरणात अशी आपोआप बोलणारी वस्तू नसते, आणि म्हणून शस्त्रक्रियेची टिपणे हाच सगळा आधार ठरतो. तेहतीस वर्षे हा आकडाही त्या कुटुंबाला सांगून ठेवा.

सुरंगी :

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. कातळसडा यांनी दाव्याचे सांगितले ते खरेच आहे, परंतु या कुटुंबाला मिळू शकणारे पहिले पैसे दाव्यातून येणार नाहीत आणि त्यांची मुदत आत्ताच सुरू झालेली आहे.

केंद्र सरकारने २९ नोव्हेंबर २००५ पासून कुटुंबनियोजन विमा योजना सुरू केली आणि १ एप्रिल २०१३ पासून ती कुटुंबनियोजन क्षतिपूर्ती योजना या नावाने चालते. तिच्यात कोणाचाही दोष सिद्ध करावा लागत नाही. शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास पूर्वी ३०,००० रुपये मिळत, आता ६०,००० मिळतात. रुग्णालयात किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख, आठव्या ते तिसाव्या दिवसांत झाल्यास १ लाख, आणि गुंतागुंतीच्या उपचारांसाठी प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे ५०,००० पर्यंत, असे दर आहेत. शस्त्रक्रिया सरकारी किंवा सरकारमान्य खासगी केंद्रात झालेली असली पाहिजे. गर्भ असल्याचे कळल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज जायला हवा. माझ्या नोकरीच्या काळात या ६०,००० रुपयांपासून लोक वंचित राहिले ते नियमामुळे नव्हे, तर कोणी सांगितलेच नाही म्हणून. काही ठिकाणी तर आपल्या केंद्राच्या नावावर अपयशाची नोंद लागेल या भीतीने सांगण्याचे टाळले जाते, आणि हे मला नोकरीत असतानाही पटत नव्हते.

अर्जासोबत संमतिपत्राची प्रत, शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र आणि गर्भ राहिल्याचा एखादा वैद्यकीय पुरावा लागतो. सोनोग्राफीचा अहवाल, लघवी तपासणीचा अहवाल किंवा गरोदर मातेचे कार्ड यांपैकी काहीही चालते. घरातल्या पट्टीवर अवलंबून राहू नका, केंद्रात तपासणी करून तारीख असलेला कागद घ्या. प्रमाणपत्र सापडत नसेल तर रुग्णालयाच्या नोंदवहीवरून त्याची प्रत मिळते. अर्ज शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयामार्फत जिल्ह्याच्या गुणवत्ता हमी समितीकडे जातो. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना वाट माहीत असते.

"फॉर्मवर सही आहे" या उत्तराबद्दलही सांगते. त्या संमतिपत्रात शस्त्रक्रिया अयशस्वी होण्याची शक्यता मला समजावली आहे, पाळी चुकल्यास मी दोन आठवड्यांत कळवीन आणि मला मोफत गर्भपाताची सोय मिळेल, अशा अर्थाची वाक्ये असतात. वेळेत गर्भपात करून घेता आला नाही तर योजनेपेक्षा जास्त भरपाई कोणत्याही न्यायालयात मागणार नाही, असेही एक वाक्य असते. परंतु प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, टाके दुखत असताना आणि बाळ रडत असताना, रांगेत उभ्या असलेल्या बाईसमोर तो कागद कसा वाचला जातो हे मी पाहिलेले आहे. सही असणे आणि समजावलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

केवडा :

कातळसडा, शिवराम निकालातील एक मुद्दा आपण सांगितला नाहीत आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यावरच आहे. पाळी चुकल्यावर स्त्रीने डॉक्टरांकडे जावे अशी अपेक्षा आहे, गर्भनिरोधक अयशस्वी झाल्यास १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने गर्भपाताची मुभा दिलेली आहे, आणि तरीही तिने गर्भ वाढवण्याचे ठरवले तर ते मूल नको असलेले राहत नाही, म्हणून त्याच्या संगोपनाचा खर्च मागता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. या धाग्यातील स्त्रीकडेच पाहा. शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळेच तिला शंका आली नाही. जी खात्री तिला यंत्रणेने दिली, तीच खात्री तिच्या उशिराचे कारण ठरली, आणि त्या उशिराचा भार मात्र तिच्यावर टाकला जातो. शिवाय कायद्यात मुभा असणे आणि आमच्या बाजूच्या बाईला ती प्रत्यक्षात मिळणे यांत फार अंतर आहे. नवरा मुंबईला, सासू घरात, गावात सर्वजण ओळखीचे, तालुक्याला जायचे तर कारण सांगावे लागते, आणि ग्रामीण रुग्णालयात गर्भपात करणारे डॉक्टर त्या दिवशी असतीलच असे नाही. यातून जी स्त्री गर्भ वाढवते, तिने ते मूल हवे म्हणून निवडले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. एखादी स्त्री श्रद्धेमुळे गर्भपात करणार नाही, तिनेही आपला हक्क गमावला असे कसे मानायचे?

कातळसडा :

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. निकाल तीन न्यायमूर्तींचा असल्यामुळे मुलाच्या संगोपनखर्चाचा मार्ग आज जवळजवळ बंद आहे, हे अशिलाला मी स्पष्ट सांगतो. माझ्या मते न्यायालयाने जन्म आणि संगोपन यांच्याविषयीच्या भावनेला जपताना स्त्रीने सोसलेल्या गोष्टींकडे पुरेसे पाहिले नाही. तरीही त्याच निकालात न्यायालयाने सरकारला असेही सुचवले की शस्त्रक्रिया नीट केलेली असूनही मूल झाल्यास भरपाईसाठी कल्याण निधी किंवा विमा योजना असावी. त्याच वर्षी मार्चमध्ये रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची पात्रता, तपासणीची यादी, गुणवत्ता समित्या आणि विमा यांविषयी आदेश दिले होते, आणि सुरंगीताईंनी सांगितलेली योजना त्यातून आली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एकाच शिबिरात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या भागातील शिबिरांनंतर एकूण १३ जणींचा मृत्यू झाला. पुढे १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात न्यायालयाने शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. योजनेतील रकमा दुप्पट झाल्या त्याही या निकालानंतरच. हे सर्व दाव्याच्या बाहेरून मिळालेले आहे. दिवाणी दाव्याने एकट्या स्त्रीला फार थोडे मिळते, हे त्यावरून दिसते.

निष्काळजीपणा सिद्ध झाला तर शस्त्रक्रियेचा व उपचारांचा खर्च, शारीरिक व मानसिक त्रास, बुडालेली मजुरी आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च एवढे मागता येते. त्यासाठी पुरावा कुठून आणायचा, याविषयी डॉक्टरांनी लिहिले तर बरे होईल.

वाशिष्ठी :

शस्त्रक्रियेच्या टिपणात दोन्ही नलिका ओळखल्या, कोणती पद्धत वापरली, टोके कशी बांधली हे लिहिलेले असते. अनेकदा तिथे छापील एक ओळ असते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही. खरा पुरावा पुढच्या वेळी पोट उघडले जाते तेव्हा मिळतो. ही स्त्री गर्भ ठेवो वा न ठेवो, पुढे सिझेरियन किंवा पुन्हा नलिका बांधण्याची शस्त्रक्रिया होईल तेव्हा त्या शल्यविशारदांना आधीच विनंती करा की दोन्ही नलिकांची स्थिती स्वतंत्रपणे लिहावी. दोन्ही नलिका मध्ये तुटलेल्या आणि एकीची टोके जुळलेली दिसली तर कारण निसर्गाचे ठरते. एक नलिका पूर्ण अखंड असेल आणि तिच्यावर जुन्या शस्त्रक्रियेची खूणही नसेल तर चित्र संत्रासारखे आहे. ही नोंद त्या दिवशी झाली नाही तर पुन्हा कधीच होत नाही.

गर्भपाताविषयी केवडाताईंनी लिहिले, त्यात एवढीच भर घालते. सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात असेल तर निर्णय त्या स्त्रीचा आहे. ती सज्ञान असल्यामुळे फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची किंवा सासूची सही कोणी मागत असेल तर ते कायद्याला धरून नाही. गर्भनिरोधक अयशस्वी झाल्याच्या कारणावर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी विवाहाची अटही राहिलेली नाही. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन आमच्यावर आहे.

पोफळी :

विषय स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचा आहे, तरी पुरुषांबद्दल विचारतो. आमच्या नात्यातील एकाने बिनटाका नसबंदी करून घेतली. कौतुकाची गोष्ट होती, कारण आमच्याकडे पुरुष तयार होतच नाहीत. दोन महिन्यांत पत्नीला दिवस राहिले आणि घरात तिच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. ती माहेरी निघून गेली. नसबंदीनंतर काही काळ काळजी घ्यावी लागते, हे त्याला केंद्रात कोणी सांगितले नव्हते असे तो शपथेवर सांगतो.

वाशिष्ठी :

हे वाचून फार वाईट वाटले, कारण हे पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. नसबंदीत शुक्रवाहिनी बांधली जाते, परंतु तिच्या पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि त्यानंतर वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे दिसल्यावरच प्रमाणपत्र द्यायचे असते. दोन महिन्यांत राहिलेला गर्भ त्याच पुरुषाचा असणे अगदी शक्य आहे. वीर्यतपासणी आजही करता येईल. त्या कुटुंबाला हे कोणीतरी समोर बसून सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. नसबंदी अधिक सोपी, अधिक सुरक्षित आणि अपयशाचे प्रमाण कमी असूनही ही स्थिती आहे. असा एक प्रसंग गावात घडला की आणखी दहा पुरुष मागे फिरतात.

कातळसडा :

पोफळी, आपल्या नात्यातील प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मूळ प्रकरणापेक्षा भक्कम असू शकते. येथे आक्षेप शस्त्रक्रियेवर नाही, माहिती न देण्यावर आहे. शिवराम निकालात चर्चिलेला थेक विरुद्ध मॉरिस हा इंग्लंडमधील १९८६ चा खटला नसबंदीचाच होता. बांधलेली शुक्रवाहिनी पुन्हा जुळण्याचा लहानसा धोका शल्यविशारदांनी सांगितला नाही, एवढ्यासाठी त्यांना तिथे जबाबदार धरले गेले, यशाची हमी दिली होती म्हणून नव्हे. आपल्याकडे समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमती खरी ठरण्यासाठी पुरेशी माहिती द्यावीच लागते, असे सांगितले. तीन महिन्यांची सूचना संमतिपत्रात छापलेली असेल तर सरकार ती पुढे करील. मग ती तोंडी सांगितली होती का, निरोध दिले होते का, पुन्हा तपासणीला बोलावल्याची नोंद आहे का, हे प्रश्न उरतात. क्षतिपूर्ती योजना पुरुषांनाही तशीच लागू आहे.

संशयाबद्दल : विवाह टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ नुसार मानले जाते. त्या काळात पतीपत्नींचा संपर्कच शक्य नव्हता हे दाखवले तरच ते खोडता येते. नसबंदी झाली होती, हे त्याला पुरेसे नाही.

गडनदी :

खासगी रुग्णालयात पैसे भरून शस्त्रक्रिया झाली असती तर?

कातळसडा :

तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. निष्काळजीपणा मात्र तिथेही सिद्ध करावाच लागतो. सर्वांना सर्व सेवा विनामूल्य देणारे सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात ठरलेले आहे. काही रुग्णांकडून शुल्क घेणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्ण मात्र त्यात येतात, म्हणून ते तपासून घ्यावे. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि मुदत तीन वर्षांची आहे. ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद होतात, म्हणून गर्भ कळल्याची तारीख कागदावर असू द्या. रिट अर्जासाठी, म्हणजे सरकारविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जासाठी, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना आता मुंबईला जावे लागत नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. रायगडची प्रकरणे मात्र मुंबईलाच चालतात.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ते कार्यालय असते.

शास्त्रीकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिची सोनोग्राफी झाली, गर्भ गर्भाशयातच आहे आणि दहाव्या आठवड्यात आहे. पुढे काय करायचे ते तिने नवऱ्याशी बोलून ठरवले आहे आणि तो तिचा प्रश्न असल्यामुळे येथे लिहीत नाही. केंद्रातील तपासणीचा तारखेसह कागद घेतला आहे. रुग्णालयाने संमतिपत्राची प्रत द्यायला "वरून परवानगी लागेल" असे सांगितले आहे, अर्ज तोपर्यंत थांबवावा का?

सुरंगी :

थांबवू नका. हातात असलेल्या कागदांसह क्षतिपूर्तीचा अर्ज आत्ताच द्या आणि संमतिपत्राची प्रत रुग्णालयाकडे मागितली आहे असे त्यातच लिहा. दुसरी प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात द्या आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

कातळसडा :

आणि संमतिपत्र, शस्त्रक्रियेचे टिपण व नोंदवहीतील पान यांची मागणी तिच्याच सहीने लेखी करा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात, आणि ती तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे. तिच्या शस्त्रक्रियेला दोन वर्षांहून अधिक काळ झालेला आहे, त्यामुळे उशीर नको. सोबत माहिती अधिकाराचाही अर्ज टाका, त्याला तीस दिवसांची मुदत असते. दिरांच्या नावाने केलेला अर्ज त्रयस्थाची माहिती म्हणून फेटाळला जाईल, म्हणून तोही तिच्याच नावाने जाऊ द्या.